मिस्सा संपल्यानंतर

अंधेरी पूर्वेच्या चकाल्यात एक जुनं गावठाण आहे. होली फॅमिली नावाचं चर्च आहे, क्रूस उभारलेल्या गल्ल्या आहेत, आणि आता मेट्रोचं स्टेशनही आहे. याच चकाल्यात हिंदुस्थान युनिलिव्हर या कंपनीचं मुख्यालय आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमचं नाव बदलायचं या कंपनीने जून २०२० मध्ये जाहीर केलं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला होता, जगभर मोर्चे निघत होते. ४५ वर्षांनंतर 'फेअर' हा शब्द कंपनीला अवघड वाटू लागला आणि जुलैत त्याच्या जागी 'ग्लो' आला. लग्न जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमनेही त्याच सुमारास कातडीच्या रंगावरून स्थळं निवडायची सोय काढून टाकली. त्यासाठी अमेरिकेतल्या एका भारतीय स्त्रीने सह्यांची मोहीम चालवली होती.

कंपन्यांना नाव बदलायला एक पत्रक पुरतं. घराचं तसं नाही. चकाला, मरोळ, सहार, आंबोली, पुढे बोरिवलीची आय. सी. कॉलनी, वझिरा, गोराई, पलीकडे मुलुंड आणि घाटकोपर, या सगळ्या पट्ट्यात रविवारी सकाळी हजारो माणसं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, जातात. मिस्सा चालू असताना शेजारच्याकडे वळून त्याला शांती चिंतायची, हात जोडायचे किंवा हातात हात द्यायचा, असा विधी आहे. शेजारी कोण उभा आहे हे त्या वेळी कुणी विचारत नाही. मग माणसं घरी येतात. जेवायला बसतात. आणि ताटावर एखाद्या भाचीच्या लग्नाचा विषय निघतो.

"मुलगा चांगला आहे गं, पण मँगलोरियन."

"फोटोत बरा दिसतो. प्रत्यक्षात रंग जरा जास्तच आहे म्हणतात."

"गोव्याचे आहेत ना, मग बामण की चारडी? नुसतं डिसोझा म्हटल्यावर काय कळणार?"

"नगरकडचे ख्रिस्ती आहेत. आता काय समजायचं ते समज."

शेवटचं वाक्य पुरं करायची गरज कुणालाच वाटत नाही. ऐकणाऱ्याने काय समजायचं ते शतकानुशतकं ठरलेलं आहे.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला इथे नवल वाटेल. ख्रिस्ती म्हणजे एकच, त्यांच्यात कुठे आली जात, असा बाहेरच्यांचा समज असतो. आतले लोकही चारचौघांत तेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. एवढ्याशा समाजात कप्पे मात्र किती! साष्टी-वसईचे मूळ रहिवासी ईस्ट इंडियन. त्यांच्यातही वसईकडे सामवेदी म्हणजे कुपारी वेगळे, वाडवळ वेगळे, कोळी वेगळे. गोव्याचे, मंगळूरचे. मुलुंड-बोरिवलीतले मल्याळी, ज्यांच्यासाठी १९८८ मध्ये कल्याण इथे सिरो-मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. अहमदनगर-जालन्याकडून रेल्वे, इस्पितळं आणि शाळांतल्या नोकऱ्यांसाठी आलेले मराठी प्रोटेस्टंट. तमिळ. आणि उपनगरांतल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत स्वयंपाकपाणी, म्हाताऱ्यांचं करणं यासाठी राहणाऱ्या झारखंड-छत्तीसगडच्या उरांव, मुंडा, खडिया मुली. त्या बहुतेक कॅथलिकच असतात.

'ईस्ट इंडियन' हे नावच मुळात एका कुंपणातून आलेलं आहे. साष्टी, वसई, मुंबई या बेटांवरची ही माणसं पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाली. अंधेरीच्या सीप्झच्या आवारात उभे असलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्न अवशेष १५७९ सालच्या चर्चचे आहेत. ही माणसं मराठी बोलत होती, शेती-मासेमारी करत होती आणि त्यांना 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हटलं जाई. पुढे इंग्रजांच्या मुंबईत गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती माणसं नोकऱ्यांसाठी येऊ लागली. त्यांनाही तेच नाव. साहेबाच्या कचेरीत जागा मोजक्या आणि उमेदवार एकाच आडनावाचे. तेव्हा १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून मूळ रहिवाशांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं आणि आपली संघटना काढली. आम्ही इंग्रजांची जुनी प्रजा, ते परके, हा त्यातला मतलब होता. पोटापाण्याच्या स्पर्धेतून झालेली ही वाटणी नंतर रक्ताची असल्यासारखी सांगितली जाऊ लागली. गोवेकरांना 'मकापाव' आणि मंगळूरकरांना 'मँगी' म्हणून हिणवणारे शब्द अजून वापरात आहेत. हसत हसत वापरले जातात, एवढंच.

गोव्यातली गोष्ट याहून जुनी आणि गुंतागुंतीची. तिथे धर्मांतर झालं तेव्हा गावंच्या गावं आपल्या जातींसकट चर्चमध्ये आली. ब्राह्मण ख्रिस्ती 'बामण' झाले, क्षत्रिय 'चारडी', खालचे 'सुदीर', आणि गावडे-कुणबी आणखी खाली. क्रूसाखाली नवं नाव मिळालं, जुनी उतरंड जागच्या जागी राहिली. चर्चमधल्या उत्सवांचा मान कुणाचा, मिरवणुकीत लाल झगा कुणी घालायचा, यावरून जाती-जातींच्या मंडळांत भांडणं झाली आणि काही गावांत ती आजच्या काळापर्यंत आली. आता गंमत पाहा. पोर्तुगीज धर्मसंघ गोव्याच्या माणसाला आत घेत नसत, कारण तो गोरा नव्हता. म्हणून गोव्यातल्या धर्मगुरूंनी ऑरेटोरियन हा आपला संघ उभारला. संत जुझे वाझ यांनी त्याला आकार दिला, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. पण गोऱ्यांनी दार लावलं म्हणून बांधलेल्या या घरात प्रवेश कुणाला? फक्त ब्राह्मण ख्रिस्तींना. मग चारड्यांनी चिंबलला कार्मेलाईटांचा वेगळा संघ धरला. ज्या दारावरून हाकलून दिलं, तसंच दार माणसं स्वतःच्या घराला बसवतात, आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही.

मातेउस द कास्त्रो याचं आयुष्य याच पेचातलं. तो दिवाडी बेटावरचा. गोव्यात त्याला धर्मगुरूची दीक्षा नाकारली गेली तेव्हा तो थेट रोमला गेला. तिथे शिकला, दीक्षा घेतली, आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतला. गोव्याच्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्याला मानलं नाही. तो डिचोलीत, आदिलशाही मुलखात राहिला आणि १६५३ च्या सुमारास त्याने पोर्तुगिजांविरुद्ध उठावं म्हणून एक पुस्तिका लिहिली. वंशद्वेषाविरुद्ध या किनाऱ्यावर उठलेला हा बहुधा सर्वांत जुना ख्रिस्ती आवाज. पुस्तिकेचं नाव मात्र 'ब्राह्मणांचा आरसा'. गोऱ्यांचा जाच सगळ्या गोवेकरांना होता. आरसा त्याने एकाच जातीपुढे धरला.

१७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या वाड्यात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध कट शिजला. त्यातले पुढारी काउतो आणि गोन्साल्विस हे दोन धर्मगुरू होते, आणि मुख्य तक्रार होती की वरच्या जागा गोऱ्यांनाच मिळतात. कट फुटला, ४७ जण पकडले गेले, पुढच्या वर्षी १५ जणांना देहदंड झाला. या इतिहासावर गोव्यात अभिमानाने बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षांनी, १८६६ मध्ये, फ्रान्सिस्कु लुईस गोमिश या गोवेकर खासदाराने लिस्बनमध्ये 'ब्राह्मण' नावाची कादंबरी छापली आणि गोऱ्यांचा वर्णगर्व व ब्राह्मणांचा जातगर्व यांना एकाच पंगतीला बसवलं. गोव्याच्या कुठल्या घरात तेव्हा ती मोठ्याने वाचली गेली असेल, याची कल्पना करून पाहावी.

मुंबईच्या चर्चचीही रंगाची गोष्ट आहे आणि ती फार जुनी नाही. रोम आणि पोर्तुगाल यांच्यात १९२८ मध्ये करार झाला की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असेल. साष्टीत चारशे वर्षं नांदलेल्या समाजाचा माणूस या पाळीत बसतच नव्हता. ही कोंडी थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेझुइटने फोडली. तो १९३७ मध्ये आर्चबिशप झाला होता. स्वातंत्र्य जवळ येताना या खुर्चीवर भारतीय माणूस हवा असं त्याने धरलं, व्हॅलेरियन ग्रेशियस यांना १९४६ मध्ये साहाय्यक बिशप नेमवून घेतलं, आणि सारा कारभार त्यांच्यावर सोपवून स्वतः मुंबईबाहेर राहिला. १९५० मध्ये त्याने पद सोडलं, ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. खुर्ची सोडण्याची ही तऱ्हा दुर्मिळच. पुढे १९७८ मध्ये त्याच पदावर सायमन पिमेंटा आले. ते अंधेरीच्या मरोळचे, ईस्ट इंडियन, गावठाणात वाढलेले. मरोळकर आजही हे सांगताना मान ताठ करतात.

देशी कार्डिनल व्हायला १९५३ साल उजाडलं. दलित कार्डिनल व्हायला त्यानंतर ६९ वर्षं लागली. हैदराबादचे अँथनी पूला ऑगस्ट २०२२ मध्ये कार्डिनल झाले. पहिल्या लढाईत समोर गोरा साहेब होता म्हणून ती दिसली. दुसऱ्या लढाईत समोर आपलेच लोक होते.

मराठी ख्रिस्ती साहित्यात या दोन्ही लढायांची साक्ष आहे, आणि ती बायकांनी दिली आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासारखी संस्कृत विदुषी चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवू लागली तेव्हा तिने इंग्रज पुरुषांना शिकवावं की नाही यावर खल झाला, आणि नको म्हणणाऱ्यांत लाहोर आणि मुंबईचे बिशप होते. रमाबाईंना क्रूसावर लॅटिन नको, संस्कृत अक्षरं हवी होती, कारण लॅटिन आपल्या माणसांना कळणार नाही. यावरून त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांची वादावादी झाली. ही पत्रं आज छापलेली उपलब्ध आहेत. प्रेम आहे, काळजी आहे, आणि त्या काळजीच्या आत 'तुम्ही लोक' आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष उलट बाजूची, म्हणून अधिक उपयोगाची. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत ख्रिस्ती झाले. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही आठवेल की पुढे नवऱ्याकडे राहायला आल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. नंतर एकदा त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की जाती देवाने केल्या की माणसांनी, आणि तिथून त्यांचं सोवळं सुटलं. कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा नंतर आला. इथे क्रम लक्षात घ्यायला हवा. कुणा पाळकाच्या प्रवचनाने त्यांची जात गेली नाही. आपल्याच मनाशी वाद घालून, पाण्याच्या भांड्यापाशी ती गेली. आणि हे सारं त्यांनी स्वतःला हसत लिहून ठेवलं, जे आजच्या बहुतेक सुशिक्षित घरांना जमत नाही.

टिळकांनीही १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला. परक्यांच्या छत्राखाली नसलेला, देशी माणसांचा बंधुसंघ त्यांना हवा होता. दोन वर्षांनी ते वारले.

त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, १ जानेवारी १९३८ रोजी, बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. धर्मांतराची घोषणा त्यांनी केलेली होती आणि सगळे धर्म त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते. आर्जवं करायची तर हीच वेळ. बाबासाहेबांनी तिथे सांगितलं की दक्षिणेतले ख्रिस्ती चर्चमध्येही जात पाळतात, आणि राजकारणातही हा समाज मागे आहे. घरी आलेल्या पाहुण्याने असं तोंडावर सांगावं, तेही नववर्षाच्या दिवशी. नगर जिल्ह्यात तोवर मोठ्या संख्येने महार कुटुंबं ख्रिस्ती झाली होती, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते नवीन नव्हतं. प्रश्न हा की 'नगरकडचे ख्रिस्ती' या शब्दांनंतरचं मौन आज २०२० च्या दशकातही तेच का आहे?

एक उत्तर कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलित बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. या वादात चर्चची भूमिका दुहेरी होऊन बसते. सरकारपुढे सांगायचं की आमच्यात जातीचा जाच आहे, म्हणून सवलत द्या. रविवारी वेदीवरून सांगायचं की ख्रिस्तात सगळे एक. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून निघत असतील तर मधला दुवा कुणीतरी जोडायला हवा. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं, त्यात अस्पृश्यता चर्चच्या आतही पाळली जाते हे मान्य केलं. कागद चांगला आहे. आय. सी. कॉलनीतल्या किती घरांपर्यंत तो पोहोचला, हा वेगळा प्रश्न.

जात झाली, आता रंग. एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. सांताक्रूझच्या कालिना बाजारात मणिपूरची एक तरुणी सामान घ्यायला निघाली होती. मोटारसायकलवरच्या एका माणसाने तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि तिच्यावर थुंकला. तिचे डोळे त्याला 'चिनी' वाटले असावेत. त्या माणसाचा धर्म काय होता, हा मुद्दा नाही. मुद्दा असा की कालिना हे जुनं कॅथलिक गाव आहे, आणि अंधेरी-सांताक्रूझच्या सलूनमध्ये, हॉटेलांत काम करणाऱ्या ईशान्येच्या मुलामुलींत बरेच जण नागा, मिझो, म्हणजे ख्रिस्ती असतात. तेही रविवारी कुठल्यातरी बाकावर बसतात. त्यांना घर भाड्याने देताना मात्र बाक आठवत नाही.

आफ्रिकन माणसांबद्दल तर बोलायलाच नको. गोव्यात २०१३ च्या ऑक्टोबरअखेर पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हमरस्ता अडवला, आणि एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. नंतर माफी मागितली. मिरा रोड-नायगावकडे प्रार्थनेला जमणारे नायजेरियन बायबलच वाचतात. कोकणीत आफ्रिकन माणसाला 'खाप्री' म्हणतात आणि हा शब्द काळ्या पोराला चिडवायलाही वापरतात. हा शब्द पोर्तुगिजांच्या गुलामव्यापाराची उरलेली शेपटी आहे. आजी लाडाने म्हणते, म्हणून ती शेपटी गळून पडत नाही.

गोव्याच्या समाजात याचा उलटा धडा देणारा माणूसही झाला. पियो गामा पिंटो, १९२७ मध्ये नैरोबीत गोवेकर घरात जन्मलेला. शिक्षण भारतात, गोवामुक्तीच्या कामात उडी, मग केनियात परत. वसाहतीच्या नैरोबीत गोरे वर, आशियाई मध्ये, आफ्रिकन तळाला, अशी शिडी होती, आणि मधल्या पायरीवरच्या गोवेकरांनी तिथेही शिंप्यांचे क्लब वेगळे, कारकुनांचे वेगळे असे थाटले होते. पिंटो ती पायरी सोडून आफ्रिकन कामगारांमध्ये जाऊन उभा राहिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये घराबाहेर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. उपनगरांतल्या अनेक कुटुंबांचे मामा-काका त्याच केनिया-टांझानियात नोकरीला होते. त्यांच्या आठवणींत नैरोबीच्या नाचाच्या रात्री येतात. पिंटोचं नाव क्वचित.

हे सगळं वाचून बाहेरच्या कुणाला गुदगुल्या होत असतील तर त्यांनी थोडं थांबावं. ख्रिस्ती घरात जी जात सापडते ती रोमहून आलेली नाही. ती शेजारच्याच घरून आलेली आहे. आणि देवाच्या नावाने रक्त वेगळं ठेवण्याचा हट्ट तर जगभरचा आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या बझील या न्यायाधीशाने गोरा-काळा विवाह केलेल्या जोडप्याची शिक्षा कायम ठेवताना लिहिलं होतं की देवानेच वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले. असे विवाह गुन्हा ठरवणारा तो कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केला. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा केरळातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाने मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य अशी करून दिली. किंगना आधी धक्का बसला, मग पटलं. त्याच केरळात मे २०१८ मध्ये केविन जोसेफ या दलित ख्रिस्ती तरुणाला त्याच्या बायकोच्या माहेरच्यांनी पळवून नेलं आणि त्याचा मृतदेह सापडला. कोट्टयमच्या न्यायालयाने पुढच्या वर्षी दहा जणांना दुहेरी जन्मठेप दिली. दोषींत मुलीचा सख्खा भाऊ होता.

अंधेरी-बोरिवलीत कुणी कुणाला मारत नाही. इथे फक्त लग्नाला यायचं टाळतात. किंवा येतात, आणि जेवताना सून 'त्यांच्यातली' असूनही किती छान आहे हे सांगत बसतात. म्हणूनच त्यावर बोलणं अवघड आहे. पोलीस बोलवावेत असं काहीच घडत नाही.

बोलण्याविरुद्ध दोन युक्तिवाद हमखास ऐकू येतात. एक असा की देशात ख्रिस्ती लोकांवर हल्ले होतात, प्रार्थनासभा बंद पाडल्या जातात, धर्मांतरविरोधी कायदे येतात. अशा वेळी आपलीच लक्तरं वेशीवर का टांगायची? भीती खरी आहे. पण ज्या घरात मोलकरणीचा कप वेगळा ठेवला जातो तिथे ती मोलकरीणही ख्रिस्तीच असते, आणि रविवारी तिलाही त्याच वेदीवरचा प्रसाद मिळालेला असतो. समाजाला बाहेरून धोका आहे म्हणून तिने गप्प राहावं का, असं तिला कुणी विचारलेलं नाही. समाज म्हणजे नक्की कोण, याचं उत्तर त्या कपातच आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक मानाने घ्यायला हवा. आम्ही लहान समाज, आमच्या मुली बाहेर गेल्या तर आमचं लुगडं कोण नेसणार, बॉटल मसाला कोण कुटणार, लग्नात उंबराचं पाणी कोण आणणार, असं ईस्ट इंडियन मावश्या विचारतात. गोव्याच्या घरात लग्नाआधीची रोसची रीत, वसईत कादोडी बोली. हे जपायलाच हवं. गावठाणं बिल्डरांच्या घशात जात असताना तर अधिकच. पण अनुभव काय सांगतो? उपनगरांत मिश्र घरं आता पुष्कळ आहेत, आणि ज्या घरात ईस्ट इंडियन सासूला मंगळूरची सून आली, तिथे बॉटल मसाला संपला नाही. शेजारी आणखी एक बरणी आली. बोली मरते ती पोरं इंग्रजीत बोलतात म्हणून. सून मल्याळी आली म्हणून नव्हे. लुगडं नेसायला शिकवता येतं. शिकणारी काळी आहे की गोरी, याच्याशी नऊवारीला देणंघेणं नाही.

चर्च काय करू शकतं? एक गोष्ट तर अगदी हाताशी आहे. मुंबई धर्मप्रांतात लग्न ठरलेल्या जोडप्याला लग्नपूर्व शिबिर करावंच लागतं. संसार, पैसा, कुटुंबनियोजन, प्रार्थना, सगळ्यावर बोललं जातं. मुलं-मुली शिबिराला येतात तेव्हा मात्र निवड होऊन गेलेली असते. ज्यांनी आधी 'बामण की चारडी' विचारलं, ज्यांनी फोटो परत पाठवला, ते आईवडील त्या खोलीत नसतात. लग्नाच्या फॉर्मवर बाप्तिस्म्याची तारीख असते, दृढीकरण असतं, धर्मग्राम असतं, जातीचा रकाना नसतो. तो घरीच, चहाबरोबर भरून झालेला असतो. म्हणून शिबिर आईवडिलांचंही व्हावं. मुलं विशी गाठण्याआधी, धर्मग्रामाच्या हॉलमध्ये, एखाद्या शनिवारी दुपारी. तिथे जुझे वाझांच्या संघाची गोष्ट सांगावी, लक्ष्मीबाईंच्या पाण्याच्या भांड्याची सांगावी, आणि नगरहून आलेल्या एखाद्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला मरोळच्या कुटुंबाशेजारी बसवून, ताटावर त्यांच्याबद्दल काय बोललं जातं ते त्यांच्या तोंडून ऐकावं. एका दुपारात कुणी बदलणार नाही. पण नंतर निदान वाक्य अर्ध्यावर सोडून देणं अवघड होईल.

घरात मात्र शिबिर लागत नाही. तिथे अडचण वयाची असते. आजोबा काही बोलले की 'जाऊ दे, त्यांचं वय झालं' म्हणून सगळे ताटात बघतात. मराठी घरात, मग ते कुठल्याही धर्माचं असो, वडीलधाऱ्याला तोडून बोलायचं नाही हा संस्कार मोठा. पण टेबलाच्या टोकाला बसलेली आठ वर्षांची सावळी नात तेच वाक्य ऐकते. तिचं वय झालेलं नसतं. तिला ते पुढची साठ-सत्तर वर्षं ऐकू येणार असतं. तेव्हा नरमाईने, पण त्याच टेबलावर, ती उठून जायच्या आधी कुणीतरी म्हणावं: "नाना, असं नका म्हणू. तुमचे पिमेंटा साहेबही सावळेच होते ना?"

मरोळमध्ये तरी या प्रश्नावर नानांना गप्प बसावं लागेल.